‘ओल लागली असेल काका’: नकली सिगारपायी माझे ४०,५०० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो. सिगारचा खोका ३१,००० रुपये. प्रवासात न्यायची हवाबंद पेटी ४,७५०. ओलावा राखणाऱ्या चार पुड्या, एकेक ३५० ची, म्हणजे १,४००. कटर ८५०. आणि ‘वाळलेले सिगार पुन्हा जिवंत करून देतो’ म्हणून २,५००. एकूण ४०,५००. त्यातले २०,००० यूपीआयने, बाकीचे रोख. एकाचीही पावती नाही.

मी ३१ वर्षं बँकेत काढली. ओटीपी देऊ नका, पावतीशिवाय पैसे देऊ नका, हे खातेदारांना समोर बसवून सांगत आलो. त्यामुळे घरात तोंड उघडायची सोय राहिलेली नाही. हिने अजून एका शब्दानेही विचारलेलं नाही, आणि तेच जास्त लागतं. हे लिहायलाही चार महिने लागले. पण हे सगळं मला विकणारा माणूस इंदूरमध्ये अजून फिरतो आहे, आपल्याच मराठी मंडळींच्या लग्नामुंजीत जातो आहे. म्हणून लिहितो.

मी रोजचा ओढणारा नाही. वर्षाला आठ-दहा सिगार, तेही बाहेरगावी गेलो की. तंबाखू वाईट आहे हे मला कळतं, तो वाद इथे नको. सिगारची अर्धी गोडी जागेची असते. वारा असला की तो एका अंगाने भराभर जळतो, धूर गरम होतो, तोंड कडू पडतं. पोट रिकामं असेल तर गरगरतं. तेच जेवण झालेलं असावं, वारा पडलेला असावा, खोलीबाहेरच्या गॅलरीत खुर्ची असावी, कुठे जायची घाई नसावी. मग तोच सिगार पाऊण तास सोबत करतो. आणि उरलेली अर्धी गोडी तो ठेवला कसा यावर. हवेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि साधारण १८ ते २१ अंश तापमान त्याला मानवतं. आपल्या माळव्यात मार्च ते मेपर्यंत हवा अशी कोरडी की चार दिवसांत वरचं पान तडकतं, आणि श्रावणात अशी दमट की पेटवलेला सिगार पुन्हापुन्हा विझतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ठेवूच नये. पंचवीस अंशांच्या पुढे गेलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. विमानात न्यायचे तर तिथली हवाही फार कोरडी असते.

हे सगळं खरं आहे. त्या माणसाने याच खऱ्याच्या आडून मला लुटलं.

जानेवारीत रामबागेकडे एका मुंजीत ओळख झाली. पस्तिशीचा, नीटनेटका, स्वच्छ मराठी बोलणारा. आजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते म्हणाला. दुसऱ्या भेटीत वाकून नमस्कार केला. दुबईला जाणं-येणं असतं, येताना क्यूबाचे अस्सल सिगार आणतो, फक्त ओळखीत देतो. मी लगेच हुरळलो नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मी पहिल्याच दिवशी बिल मागितलं होतं. ‘काका, ड्यूटी-फ्रीच्या मालाला इथलं बिल कसं देणार?’ हे त्याचं उत्तर मला तेव्हा पटलं.

मग त्याने सिमरोलच्या बाजूला कुणाच्या तरी शेतघरावर बोलावलं. थंडी, शेकोटी, भुट्ट्याचा किस, मागून कॉफी. आठजण होतो, सगळे साठीच्या आसपासचे, सगळे मराठी. समोर टेबलावर मोंटेक्रिस्टो नंबर ४ या क्यूबाच्या नावाजलेल्या सिगारचा पंचवीसचा खोका उघडून ठेवला होता. मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, ‘थांबा काका, खोक्यातले अजून प्रवासाने थकलेले आहेत. हा घ्या, मुरलेला आहे.’ आणि कोटाच्या आतल्या खिशातून चामड्याची छोटी केस काढून त्यातला एक मला दिला.

हा तो क्षण. रात्री झोप उघडली की आजही मला तो खिसा दिसतो. टेबलावर पंचवीस मांडलेले असताना त्याने मला खिशातला का दिला? धान्याच्या दुकानात कुणी पोत्यातला तांदूळ सोडून खिशातले दाणे दाखवले तर आपण तिथेच उठून येऊ. मी उठलो नाही. उलट त्याने माझी खास काळजी घेतली असं वाटून सुखावलो. आणि तो सिगार खरोखर उत्तम होता. राख दोन बोटं लांब टिकली, धूर गार, शेवटपर्यंत कडूपणा नाही. आता कळतं की तो एक अस्सल होता, आणि थंडी-शेकोटी-कॉफीने त्याची गोडी दुप्पट केली होती. त्या रात्री आठांपैकी पाचांनी खोके घेतले. नमुना ओढायचाच असेल तर जो खोका घेणार त्यातलाच मागा, आणि कोणता ते बोट ठेवून तुम्ही सांगा.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट माझ्यासमोर होती. या खेपेला आठ खोके आणले, असं तो म्हणाला. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला करमाफीत पंचवीस सिगार आणता येतात. म्हणजे एका माणसाला एक खोका. आठ खोके म्हणजे दोनशे सिगार. हा हिशोब बँकेतल्या माणसाला दोन सेकंदांचा आहे, आणि मी केला नाही. खोक्यावर चित्रासह आरोग्याचा इशाराही नव्हता. तो भारतात विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर, आयात मालावरसुद्धा, दोन्ही बाजूंना ८५ टक्के भागावर लागतो.

मार्चमध्ये महेश्वरला गेलो. संध्याकाळी घाटावर दिवे सोडून आलो, जेवलो, गॅलरीत बसलो. खाली नर्मदा, वारा नाही. सिगार पेटवला आणि तिसऱ्या झुरक्याला घसा जळला. वरचं पान उकललं, आतला तंबाखू एका बाजूने जळून बोगदा पडला. दुसरा काढला, तोही तसाच. फोन केला तर तो हळहळला. ‘अरेरे काका, ही माळव्याची कोरडी हवा! साध्या कपाटात ठेवलेत ना? चूक माझी, मी तुम्हाला पेटीच दिली नाही.’

मी स्वतःलाच दोष दिला. त्याला हेच हवं होतं. पेटी घेतली, पुड्या घेतल्या, कटर घेतलं आणि उरलेले तेवीस सिगार ‘जिवंत’ करायला त्याच्याकडे दिले. चार दिवसांत परत आले, ओल्या स्पंजचा वास घेऊन. खरं तर वाळलेला सिगार हळूहळू, काही आठवडे घेऊन ओलावतात. घाई केली तर आतला तंबाखू आधी फुगतो आणि वरचं पान फाटतं. हे मला आता माहीत आहे. कुणी चार दिवसांत करून देतो म्हणाला तर तो खोटारडा आहे.

पुड्या हाताला लागल्या तेव्हा आत दाणे सरकत होते. अस्सल पुडीत मिठाचं दाटसर द्रावण असतं, ती दाबली की गुबगुबीत लागते. माझ्या पुड्यांत सिलिका जेल होतं. बुटांच्या खोक्यात येतं तेच, आणि ते ओलावा देत नाही, शोषून घेतं! वर कागद नवा चिकटवलेला. पेटीतल्या आर्द्रतामापकाचा काटा कायम ७० वर. मी स्वयंपाकघरात ठेवला, ७०. एसीत ठेवला, ७०. मला वाटलं, पेटी किती छान काम करते आहे. तुम्ही घ्याल तेव्हा बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा ७५ च्या आसपास यायला हवा. माझा ७० वरच राहिला, कारण तो आतून चिकटवलेला होता.

जुलैत मांडूला गेलो. धुकं, पाऊस, हॉटेलची कौलारू पडवी, गरम भजी. याहून चांगली जागा मला माहीत नाही. सिगार पेटीत, पेटी एसी गाडीत पायाशी. आणि पुन्हा तोच जळका, कागदी धूर. फोन केला. ‘ओल लागली असेल काका, पावसाळा आहे ना.’

मार्चमध्ये कोरडं, जुलैत ओलं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात लख्ख पडलं. जागा उत्तम होती, जेवण उत्तम होतं, ठेवण त्यानेच सांगितल्याप्रमाणे होती. मग बिघडायला उरलं काय? सिगार!

ऑगस्टमध्ये मेव्हणे आले. जहाजावर नोकरी झालेली, त्यांना यातलं कळतं. खोका पाहून पहिलं वाक्य, ‘भाऊजी, जरा उलटा करा.’ क्यूबाच्या अस्सल खोक्याच्या तळाला तापलेल्या शिक्क्याने हबानोस हे कंपनीचं नाव आणि हेचो एन कुबा, तोतालमेंते आ मानो (क्यूबात बनवलेलं, पूर्णपणे हाताने) अशी अक्षरं दाबलेली असतात, आणि सोबत कारखान्याची खूण आणि महिना-वर्ष. दाबलेली अक्षरं बोट फिरवलं तर लागतात. माझ्या खोक्याच्या तळाला छापील कागद होता. हिरव्या हमीपट्टीवरचा बारकोड हबानोसच्या संकेतस्थळावर घालून पाहिला, काही निघालं नाही. खोक्याला काचेचं झाकण दिसलं तर पुढचं काही बघूच नका, तो नकलीच.

मग त्यांनी स्टीलच्या ताटलीत एक सिगार ठेवला आणि सुरीने उभा चिरला. अस्सल नंबर ४ मध्ये पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, घडी घातलेली असतात. आमच्या ताटलीत चुरा सांडला. काड्या, शिरा, कातरलेली पानं, आणि मधे निळसर दोऱ्याचा एक तुकडा. हीसुद्धा पाहत होती. ठेवणीने सिगार वाळतो, बुरसतो, तडकतो, किडतो. पण ठेवणीने लांब पानाचा चुरा होत नाही. कुणी हवेला दोष देऊ लागला की त्याच्यासमोर एक चिरा.

पुढचं सांगताना अंगाचा तिळपापड होतो. चौकीत गेलो, ते म्हणाले ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले पैसे ऑनलाइन दिलेत, सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले तुम्ही स्वतः पिन टाकून खरेदी केलीत, हा आमचा विषय नाही, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. तिथला अधिकारी चुरा बघून सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, ‘अंकलजी, पी भी ली और शिकायत भी?’ मागच्या बाकावरची पोरं हसली. एकसष्टाव्या वर्षी मी तिथे उभा होतो. मग तो म्हणाला की हा बिनाबिलाचा परदेशी माल आहे, आधी तुमचीच चौकशी लागेल. चोर बाहेर मोकळा आणि धमकी मला! मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कागदावर लिहून नेलं होतं, फसवणुकीचं. त्याने कागद हातात घेतला नाही. तीन वेळा अर्ज दिला, एकदाही पोच नाही. तिसऱ्यांदा दोन तास बसवलं आणि ‘साहेब जेवायला गेले’ म्हणून परत पाठवलं. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. मी सभ्यपणात तीनदा तसाच दिला.

बँकेने हात वर केले, आणि तिथे मला बोलताही येत नाही, कारण त्यांच्या खुर्चीत बसून मीही लोकांना हेच सांगितलेलं आहे. ज्यांची फसवणूक ऑनलाइन झाली त्यांनी त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, लवकर केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात. मी पाच महिन्यांनी जागा झालो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, तिथे तक्रार घातली. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे त्याचा फक्त फोन नंबर आणि वाकून केलेला नमस्कार आहे. शेतघर त्याचं नव्हतंच, एका रात्रीसाठी भाड्याने घेतलेलं होतं.

त्या रात्री खोके घेतलेल्या बाकी चौघांना मी फोन केले. दोघांनी उचलला नाही. एकाने ‘जाऊ द्या हो, आपल्यातलाच पोरगा आहे’ म्हणून ठेवून दिला. चौथ्याने त्याच रात्री आपला खोका उलटा करून पाहिला आणि साडेअकराला परत फोन केला. सोमवारी आम्ही दोघं मिळून ठाण्यात जाणार आहोत, दोन्ही खोके आणि त्या ताटलीतला चुरा पिशवीत घेऊन. त्या रात्री तुम्हीही सिमरोलला होतात, तर सोबत या.