बूस्टर न बदलता बूस्टरचे साडेअकरा हजार

आधी आकडा सांगते : गाडीच्या ब्रेकवर 15,500 रुपये. तीन खेपांत गेले, आणि खरा बिघाड जिथे होता तिथे तोवर कुणी पानासुद्धा लावला नव्हता.

गाडी 2014ची, लहान, पेट्रोलवरची. पावसाळ्यात एकदा कात्रजच्या उतारावर रांगेत उभी असताना ब्रेकचं पेडल माझ्या पायाखाली हळूहळू बसायला लागलं. पुढच्या रिक्षाला गाडी टेकणार तेवढ्यात घाबरून पाय उचलला आणि पुन्हा दाबला, तर पेडल एकदम कडक. पुढचे चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी परत तेच. नवऱ्याने दोनदा चालवून बघितली. म्हणाला, "ब्रेक मस्त लागतोय. तुला भास होतोय."

घराजवळच्या गॅरेजात नेली. नाव घेत नाही. पहिल्या खेपेला ब्रेक ऑइल बदललं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, 1,200 रुपये. हे काम चुकीचं नव्हतं, तेही सांगते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर 140 च्या आसपासही उकळू शकतं. मग घाट उतरताना नळीत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून मला ते पटलं. आठवड्याने पेडल पुन्हा बसलं, तेव्हा पुढचे पॅड बदलले, 2,800.

तिसऱ्या खेपेला मालक स्वतः उठले. गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले, करकचून ब्रेक मारला, परत येऊन मान हलवली. "ताई, बूस्टर गेलाय. असं घेऊन हायवेला जाऊ नका, लहान मुलं असतात गाडीत." बूस्टर म्हणजे पायाच्या दाबाला इंजिनच्या ओढीची जोड देणारा गोल डबा. मुलांचं नाव काढल्यावर मी भाव करायचीही विसरले. दोन दिवस गाडी ठेवून घेतली, 11,500 घेतले. जुना बूस्टर मागितला तर म्हणाले, "तो एक्स्चेंजमध्ये गेला." मी "बरं" म्हटलं. कागदावर काय लिहिलंय तेही धड वाचलं नाही.

दिवाळीला माहेरी वाईला निघालो. खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये निभावली, आणि सुरूर फाट्याला वळायला थांबले तर पेडल पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. आधी त्यांनी मला झापलं, असल्या गाडीने घाट उतरलात म्हणून. मग म्हणाले, "इंजिन चालू ठेवा आन् पेडलवर पाय नुसता ठेवा, ताई. खाली अंडं हाय असं समजा."

पेडल खाली गेलं. हळूहळू, पार तळाला.

"आता जोरात हाणा." कडक!

असं त्यांनी माझ्याकडून आठ-दहा वेळा करून घेतलं. ऑइलच्या डबीतली पातळी जिथल्या तिथे, चाकांना आतून कुठे ओल नाही. "गळती भायेर न्हाई, आत हाय. मास्टर सिलिंडरचे वायसर गेलेत." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, आणि वायसर म्हणजे त्याच्या आतली रबरं. जोरात दाबलं की दाबाने रबराची कड फाकते आणि सिलिंडरला घट्ट बसते. हळू दाबलं की झिजलेली कड ढिली राहते आणि ऑइल तिच्या बाजूने मागे सरकतं. नवऱ्याला हा दोष का सापडला नाही ते मला तेव्हा कळलं. तो ब्रेक मारतो, मी ब्रेकवर पाय ठेवते. गॅरेजच्या मालकांनीही मारलाच होता.

"पण बूस्टर नवा टाकलाय," मी म्हटलं.

"बूस्टर गेला तर पेडल दगड हुतं, ताई. लोणी न्हाई हुत." इंजिन बंद करून त्यांनी पेडल चार-पाच वेळा दाबलं, ते कडक झालं. पाय तसाच ठेवून स्टार्टर मारला, पेडल बोटभर खाली आलं. म्हणजे बूस्टर ठणठणीत. मग बॉनेटखाली टॉर्च धरला. मास्टर सिलिंडर बूस्टरवर दोन नटांनी बसलेला असतो आणि तो सोडवल्याशिवाय बूस्टर निघत नाही. त्या दोन्ही नटांवर तांबूस गंजाची साय होती. कडा शाबूत, पान्याचा ओरखडाही नाही. मग मी स्वतः स्टेअरिंगखाली उताणी झोपून वर बघितलं. बूस्टरचे चार नट तिथे, पेडलच्या वर असतात. त्यांच्यावर धुळीचा मऊ थर, आणि दोन नटांच्या मध्ये कोळ्याचं जाळं. जाळं नंतरचंही असेल म्हणा, पण गंज काही दोन महिन्यांचा नव्हता. सगळ्याचे फोटो काढले.

पुण्याहून सिलिंडर येईपर्यंत दोन दिवस गाडी अंगणात उभी. नवा सिलिंडर, ऑइल, हवा काढणे, मजुरी मिळून 4,200. मिस्त्रींनी जुना सिलिंडर न मागता माझ्या हातात ठेवला. आतल्या रबराची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती.

आता कुठल्याही गॅरेजात गाडी देताना मिस्त्रीला शेजारी बसवते आणि गाडी मीच चालवते. जो भाग बदलणार म्हणतात त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देते, त्यांच्या डोळ्यांदेखत. एक-दोघांना राग येतो. येऊ दे.

फोटो घेऊन गॅरेजात गेले. आधी ऐकलं, "ताई, गंज तर आठ दिवसांत चढतो." मग, "आम्ही बूस्टर सर्व्हिस केला होता, बदलला असं कुठे म्हटलं?" मी कागद काढला. खरंच, कुठेच म्हटलं नव्हतं. त्यावर फक्त 'ब्रेक काम – 11,500' एवढंच होतं, ना शिक्का ना नंबर. पैसे मात्र मी मोबाइलवरून दिले होते, त्याची नोंद होती. परवा त्यांनी 5,000 परत पाठवले, मेसेजमध्ये तेच दोन शब्द : ब्रेक काम. उरलेल्या 6,500 साठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. नटांचे फोटो जोडलेत, जाळ्याचाही.