तालुक्याला रोजचं जायचंय : एसटी की वडाप?

वाडीवस्तीवरच्या घराला कॉलेजसाठी किंवा दवाखान्यासाठी तालुका गाठायचा, तर हे दोनच पर्याय. आमच्या घराने दोन्ही वापरलेत. ज्याच्या दारात स्वतःची गाडी आहे त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

वडाप, म्हणजे सीट भरून चालणारी खाजगी जीप, दारातून घेतं. दुधाची किटली, खताचं पोतं, कशालाच ना नाही. ड्रायव्हर ओळखीचा, सुटे नसले तर ‘उद्या द्या’ म्हणतो. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला, तेव्हा आमच्या भागाला वडापनेच तारलं.

माझं मन उडालं ते एकाच गोष्टीने. वडाप भरल्याशिवाय हलत नाही. पहिला तास गाठायचा म्हणून पोरगी आत बसलेली, आणि बाहेर हाका चालूच. भरत आलं की निवडानिवड सुरू होते. शेवटपर्यंतचं सीट आधी, मधल्या फाट्याचं नंतर. आईला काठी टेकत चढायला वेळ लागतो. ‘मागची येतीय मावशी’ म्हणत तिला कितीदा रस्त्यावर ठेवून गेले. डिझेल त्यांच्या खिशातलं, त्यांना तरी काय बोलणार? पण ज्याच्याकडे पैसा नाही नि पायात बळ नाही, नेमका तोच मागे राहतो.

एसटीचं तसं नाही. ठरल्या वेळेला, निम्मी रिकामी असली तरी सुटते. पाचवी ते बारावीच्या मुलींना पास फुकट, पुढे विद्यार्थ्यांना एक तृतीयांश भाड्यात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. शेतमजुराच्या घरात पोरीचं शिक्षण पुढे चालू राहणार की नाही, हे पुष्कळदा या पासावरच ठरतं.

अडचण फेऱ्यांची. गावात मुक्कामी गाडी असेल तर विचारच करू नका. नसेल तर फाट्यापर्यंत पायपीट आहे, आणि संध्याकाळी पोरीबाळींना ती नको वाटते, हे मान्य. पण चार पैसेवाले वडापने गेले की भारमान, म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण, घसरतं, मग फेरी बंद होते आणि पासवाले लटकतात. म्हणून जमेल तेवढं एसटीनेच जावं, असं मला वाटतं. फेरी हवी असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आगारात अर्ज द्या, सोबत पासवाल्या मुलांची यादीही लावा.

शेवटची गाडी चुकली, तर वडापवाल्याचा नंबर माझ्याही फोनमध्ये आहे.