सायक्लोनला दोन महिने उगाच शिव्या घातल्या

सुतारकाम हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही, सुट्टीच्या दिवसाचा नाद आहे. वर्कशॉप म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल एवढी खोली, आणि तिचं दार थेट घरात उघडतं. त्यामुळे मी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) कापला की त्याची भुकटी टीव्हीवर बसणार आणि तिच्यावर बोटाने रेघ ओढून ती मला दाखवली जाणार, हे ठरलेलं. त्यात लाकडाची धूळ १९९५ पासून माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, हे वाचनात आलं. मग धूळ ओढणाऱ्या यंत्रणेच्या खर्चाचा विषय घरात कोणी काढला नाही.

सुरुवात केली ती बादलीच्या झाकणावर बसणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या सायक्लोनने, म्हणजे हवेतून भुसा वेगळा करणाऱ्या शंकूने. तो मशीन आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मध्ये जोडायचा. हवा बाजूने तिरकी शिरते, शंकूत गरगर फिरते, जड भुसा भिंतीला घासत खाली पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. हलणारा भाग एकही नाही, म्हणजे बिघडायला काहीच नाही. सँडरसाठी (लाकूड घासायच्या मशीनसाठी) हे जोडकाम फारच छान. दुपारभर घासकाम केलं की बादलीत चांगला थर साचलेला असायचा आणि व्हॅक्यूमच्या पिशवीत चिमूटभर भुकटी. तक्रार एकच, सोबत आलेली बादली पातळ होती. एकदा ढलपी अडकून पाइप तुंबला आणि बादली 'धाड्' करून आत चेपली. मी करवत बंद करून बाहेर पळालो, ते वेगळं. जाड बुडाची बादली आणून बसवली तेव्हा तो प्रकार थांबला.

खरी अडचण रंधा मशीनने केली. व्हॅक्यूम क्लीनर ओढतो जोरात, पण हवा थोडी. रंध्याला उलट हवं असतं, जोर कमी चालेल पण हवा भरपूर. माझा व्हॅक्यूमचा पाइप ६३ मिमीचा होता. १०० मिमीच्या पाइपाचं तोंड त्याच्या अडीचपट भरतं. म्हणून मोटर, पंखा, सायक्लोन, खाली पिंप आणि शेवटी घडीचा फिल्टर असा मोठा संच घेतला. मी मुद्दाम हवा आधी सायक्लोनमधून आणि मग पंख्यात जाईल असा निवडला. म्हणजे ढलप्या पंख्यावर आदळत नाहीत, आधीच पिंपात उतरतात.

आणि मग दोन महिने तो मला आवडलाच नाही. फिल्टर सारखा भरायचा, ओढ मंदावायची आणि मी 'सायक्लोनच खोटा निघाला' म्हणून चिडायचो. शेवटी एकदा मशीन चालू ठेवून पातळ कागदाची पट्टी पिंपाच्या झाकणाभोवती फिरवली. एका जागी ती झटकन आत ओढली गेली. रबराची पट्टी दुमडली होती, बस्स! पिंपात बाहेरची हवा शिरली की खाली पडलेली धूळ पुन्हा उडते आणि वरच्या वाटेने थेट फिल्टरमध्ये जाते. पट्टी सरळ केली, एक जादा लॅच लावला आणि त्या दिवसापासून फिल्टर झटकायचं काम जवळजवळ संपलं. पिंप गळ्यापर्यंत भरू दिलं तरी अगदी हेच होतं, हे मी नंतर एकदा आळसामुळे शिकलो.

दुसरी चूकही माझीच. जागा वाचवायला सायक्लोनच्या तोंडाशीच काटकोनी एल्बो लावला होता. आत शिरतानाच हवा खळबळली तर ती नीट फिरणार कशी? अर्धा मीटर सरळ पाइप मध्ये टाकला. काटकोनाच्या जागी दोन ४५ अंशांचे तुकडे बसवले. सापासारखा लवचिक पाइप जो आधी सगळ्या खोलीभर पसरला होता, तो आता फक्त मशीनशी शेवटच्या हातभर. त्याच्या आतल्या कंगोऱ्यांनी किती हवा खाल्ली होती, ते बदलल्यावरच कळलं. प्रत्येक मशीनला बंद-चालू करायची झडप मात्र पहिल्याच दिवशी लावा, एका वेळी एकच उघडी.

नावडत्या गोष्टी? आवाज. कानाला मफ लावल्याशिवाय दहा मिनिटं उभं राहवत नाही. मशीन उंच, म्हणून मला छताला माप लावून मग स्टँड कापावा लागला. विकत घेण्याआधी मोजलं असतं तर बरं झालं असतं. टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या करवतीच्या) पात्यावरून उडणारी धूळ अजून सुटतेच, कारण खालून ओढलं तरी वरून गार्ड जोडायचं राहिलंय. म्हणून मास्क अजून चालूच आहे. सँडर मी या मोठ्या संचाला जोडत नाही. त्याचा बारीक पाइप सगळी हवा गळ्यातच अडवतो. त्या कामाला जुनी बादलीच बरी, ती अजून कोपऱ्यात उभी आहे, एका बाजूने थोडी चेपलेली.