एकाच संगणकावर चार-सहा ईव्ह क्लायंट: प्रोसेस लासो कितपत कामाचं?

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळाचे दोन क्लायंट, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांनी उघडलेल्या खेळाच्या दोन विंडो, कुठलाही बरा संगणक निमूटपणे चालवतो. चौथा उघडला की अडखळणं सुरू होतं, आणि सहाव्याला समोरच्या विंडोतलं जहाजही झटके देत सरकतं. अशा वेळी बहुतेक जण टास्क मॅनेजर उघडतात, ‘डिटेल्स’मध्ये प्रोसेसवर राइट-क्लिक करून ‘सेट अ‍ॅफिनिटी’ निवडतात आणि प्रत्येक क्लायंटला वेगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्र गणन-भाग, देतात. कोणती प्रोसेस कुठल्या कोअरवर चालेल, यालाच अ‍ॅफिनिटी म्हणतात. हे चालतं, पण क्लायंट बंद होईपर्यंतच. पुन्हा लॉगिन केलं की सगळ्या खुणा नव्याने कराव्या लागतात. बिटसम कंपनीचं प्रोसेस लासो हेच काम कायमचं लावून देतं. कुठलं काम कुठल्या कोअरवर जाईल ते ठरवणाऱ्या विंडोजच्या शेड्युलरची जागा ते घेत नाही, फक्त त्याला नियम घालून देतं. हे नियम राबवणारा भाग पार्श्वभूमीला वेगळा चालतो, त्यामुळे मुख्य विंडो बंद केली तरी नियम लागू राहतात.

ईव्हच्या बाबतीत खरी गोम नावात आहे. प्रत्येक क्लायंटची प्रोसेस ‘एक्सईफाइल’ याच नावाने चालते. प्रोसेस लासोमधला साधा कायमचा अ‍ॅफिनिटी नियम नावावर बसतो, म्हणजे ‘० ते ३’ असा नियम केला तर सहाही क्लायंट त्याच चार लॉजिकल प्रोसेसरवर (विंडोजला दिसणाऱ्या प्रोसेसरच्या वाट्यांवर; एका कोअरचे असे दोन असू शकतात) कोंबले जातात आणि परिस्थिती आधीपेक्षा बिघडते. नवखे लोक इथेच फसतात आणि सॉफ्टवेअर निरुपयोगी म्हणून काढून टाकतात. यासाठी हवा तो ‘इन्स्टन्स बॅलन्सर’. त्यात प्रोसेसचं नाव आणि प्रत्येक इन्स्टन्सला, म्हणजे त्या नावाच्या प्रत्येक चालू प्रतीला, किती लॉजिकल प्रोसेसर द्यायचे तो आकडा भरायचा. क्लायंट उघडत जातील तसं वाटप होतं. माझ्या मते या कामासाठी प्रोसेस लासो घेण्याचं हे एकमेव ठोस कारण आहे.

आकडा किती भरायचा, यावर सगळा खेळ आहे. ईव्हच्या क्लायंटचा बराचसा तर्क पायथनमध्ये चालतो आणि त्याचा भार एका मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाच्या एका धाग्यावर, येतो. ते बघून काही जण प्रत्येक क्लायंटला एकच लॉजिकल प्रोसेसर देतात. तसं करू नका. त्या मुख्य थ्रेडशेजारी ग्राफिक्स ड्रायव्हर, आवाज आणि फायली वाचणारे थ्रेडही असतात. स्टारगेटमधून (खेळातल्या एका सूर्यमालेतून दुसरीत नेणाऱ्या दारातून) उडी मारल्यावर नवी सिस्टिम लोड होताना ते सगळे एकदम जागे होतात, आणि एकाच प्रोसेसरवर बांधलेला क्लायंट त्या क्षणी गोठतो. किमान दोन पूर्ण कोअर, म्हणजे एसएमटी (एका कोअरचे दोन लॉजिकल प्रोसेसर करणारी सोय) चालू असेल तर चार लॉजिकल प्रोसेसर, हा माझा तळाचा आकडा.

एएमडीच्या रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसरचं उदाहरण घेऊ. यात बारा कोअर आणि चोवीस थ्रेड (इथे थ्रेड म्हणजे लॉजिकल प्रोसेसर) आहेत, पण ते सहा-सहा कोअरच्या दोन चिपलेटवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या दोन वेगळ्या चिपवर, आणि प्रत्येक चिपलेटला स्वतःची ३२ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) आहे. विंडोजमध्ये ० ते ११ ही पहिली चिपलेट, १२ ते २३ दुसरी. दर क्लायंटला ६ दिले आणि वाटप शून्यापासून सलग झालं, तर ०–५, ६–११, १२–१७, १८–२३ असे चार स्वच्छ गट पडतात. ४ दिले तर सहा क्लायंट बसतात, आणि तेव्हाही कुणी हद्द ओलांडत नाही. आता ५ भरून बघा. पहिल्याला ०–४, दुसऱ्याला ५–९. पण ४ आणि ५ हे एकाच कोअरचे दोन थ्रेड, त्यामुळे दोन क्लायंट एका कोअरसाठी भांडतात. तिसऱ्याला १०–१४ मिळतात, म्हणजे दोन थ्रेड या चिपलेटवर आणि तीन त्या चिपलेटवर. त्याचा डेटा दोन कॅशमध्ये ये-जा करत राहतो आणि फ्रेमचा वेळ वरखाली होतो. म्हणून आकडा सम असावा आणि एका चिपलेटच्या थ्रेडसंख्येला त्याने पूर्ण भाग जावा. दोन चिपलेटच्या प्रोसेसरवर हे एवढं पाळलं तरी फरक डोळ्यांना दिसतो.

इंटेलच्या मिश्र प्रोसेसरवर सापळा वेगळा आहे. आय-७ १२७००केमध्ये आठ पी-कोअरचे (वेगवान कोअरचे) सोळा थ्रेड ० ते १५ वर आणि चार ई-कोअर (वीज वाचवणारे, संथ कोअर) १६ ते १९ वर असतात. दर क्लायंटला ४ या हिशेबाने पहिले चार क्लायंट पी-कोअरवर बसतात आणि पाचव्याच्या वाट्याला निव्वळ ई-कोअर येतात. तो क्लायंट कायम मागे राहणार. तो बाजारभाव बघणारा किंवा स्टेशनात उभा असलेला असेल तर हरकत नाही. मात्र ताफ्याचा म्होरक्या असेल तर लॉगिनचा क्रम बदलावा लागेल, कारण बॅलन्सरला कोण महत्त्वाचं ते कळत नाही.

हीच त्याची मोठी मर्यादा. वाटप स्थिर असतं. तुम्ही विंडो बदलली तरी समोर आलेल्या क्लायंटचे कोअर वाढत नाहीत. ‘फोरग्राउंड बूस्टिंग’ चालू करून त्याची प्रायॉरिटी वाढवता येते, पण प्रायॉरिटी आखलेल्या कुंपणाबाहेर जागा देत नाही.

आणखी एक सेटिंग आधीच हाताळून ठेवा. ‘प्रोबॅलन्स’ हे प्रोसेस लासोचं सर्वात गाजलेलं वैशिष्ट्य, आणि एरवी ते उपयोगीही आहे: पार्श्वभूमीला प्रोसेसर खाणाऱ्या प्रोसेसची प्रायॉरिटी ते थोड्या वेळापुरती उतरवतं. पण त्याच्या नजरेतून तुमचे मागचे पाच क्लायंट म्हणजे अशाच खादाड प्रोसेस. ते मध्येच दाबले गेले तर दोष अ‍ॅफिनिटीला दिला जातो. ‘एक्सईफाइल’वर राइट-क्लिक करून ती प्रोसेस प्रोबॅलन्समधून वगळली की हा प्रश्न मिटतो. नियम खरंच लागू झाला का, हे खालच्या लॉगमध्ये आणि यादीतल्या अ‍ॅफिनिटीच्या रकान्यात दिसतं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर आलेख ‘लॉजिकल प्रोसेसर्स’वर टाकला तर कुठला चौकोन भरलाय आणि कुठला रिकामा बसलाय तेही लगेच कळतं. लाँचरवर (क्लायंट सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवर) मात्र अ‍ॅफिनिटीचा नियम लावू नका. विंडोजमध्ये मूळ प्रोसेसची अ‍ॅफिनिटी तिच्यातून सुरू होणाऱ्या प्रोसेसला वारशाने मिळते, आणि मग सगळे क्लायंट एकाच कोंडवाड्यात जन्माला येतात.

दोन-तीन क्लायंट असतील तर मी बॅलन्सर लावणारच नाही. तिथे उलटा मार्ग बरा: खेळाला मोकळं सोडा आणि बाकीच्यांना बांधा. ब्राउझर, डिस्कॉर्ड, रेकॉर्डिंग यांना शेवटचे चार थ्रेड किंवा ई-कोअर द्या. यासाठी अ‍ॅफिनिटीऐवजी ‘सीपीयू सेट्स’ वापरणं जास्त चांगलं. अ‍ॅफिनिटी ही पक्की भिंत असते. सीपीयू सेट ही विंडोजला दिलेली पसंती असते, त्यामुळे गरज पडली तर प्रोसेसला बाहेर पडायला वाव राहतो. दोन चिपलेटच्या रायझनवर सगळ्या क्लायंटना मिळून एका चिपलेटचा सीपीयू सेट देऊन बघण्यासारखा आहे, विशेषतः ७९५०एक्स३डीसारख्या प्रोसेसरवर, जिथे एका चिपलेटला ९६ एमबी आणि दुसरीला ३२ एमबी एल-३ कॅश आहे.

काही दुखणी याने बरी होत नाहीत. ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली असेल तर कोअर कितीही वाटा, झटके बसणारच. तिथे मागच्या क्लायंटचं शेडर आणि टेक्स्चर (चित्राच्या दर्जाची सेटिंग) खाली आणावं लागतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधली ‘बॅकग्राउंड अ‍ॅप्लिकेशन मॅक्स फ्रेम रेट’ ही मर्यादा २०–३०वर ठेवली तर प्रोसेसर आणि कार्ड दोघांचाही भार उतरतो, आणि तोही फुकटात. प्रोसेस लासो बसवण्याआधी हे करून बघाच. मोठ्या लढाईत वेळच संथ झाला असेल तर ते टाइम डायलेशन आहे. सर्व्हर खेळाचा वेग थेट १० टक्क्यांपर्यंत खाली आणू शकतो, तिथे तुमच्या संगणकाचा काही संबंध नाही.

नियमांचं म्हणाल तर ईव्ह बनवणारी कंपनी सीसीपी अनेक क्लायंट चालवू देते, मात्र सगळी खाती ओमेगा (सशुल्क) हवीत. एका की-दाबात सगळ्या क्लायंटना आज्ञा पाठवणं १ जानेवारी २०१५ पासून बंद आहे. कोअर वाटणं हा विंडोजचा मामला आहे, त्यात खेळाच्या आत काही घुसवलं जात नाही. पण हाच प्रयोग अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या दुसऱ्या खेळांवर केला तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येऊ शकतं. तिथे अडून बसू नका, आणि आडवाटेने ते चुकवायचा प्रयत्न तर नाहीच नाही.

पैसे भरायचे का? प्रोसेस लासोची मोफत आवृत्ती आहे, काही सुविधा सशुल्क परवान्यातच कायम उघड्या राहतात. आधी तीच बसवून आठवडाभर आपल्या नेहमीच्या क्लायंटसंख्येवर चालवा. रोज चार किंवा जास्त क्लायंट उघडत असाल आणि प्रोसेसर दोन चिपलेटचा किंवा मिश्र कोअरचा असेल, तर परवाना घ्यावा असं माझं मत. सहा-आठ सारख्या कोअरचा एका चिपलेटचा प्रोसेसर असेल, तर विंडोजचं स्वतःचं वाटप इतकं चांगलं असतं की फरक जाणवणं कठीण. हौस म्हणून तपासायचं असेल तर पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा लिहायच्या विंडोत) प्रत्येक प्रोसेस आयडीची ‘प्रोसेसर अ‍ॅफिनिटी’ हाताने बदलता येते. द्यायचा आकडा म्हणजे निवडलेल्या प्रोसेसर-क्रमांकांएवढ्या २ च्या घातांची बेरीज: ० ते ३ साठी १५, ४ ते ७ साठी २४०, ८ ते ११ साठी ३८४० आणि १२ ते १५ साठी ६१४४०. चारही क्लायंट पूर्ण लोड झाल्यावरच हे आकडे द्या, म्हणजे सुरुवातीच्या लोडिंगला सगळे कोअर मोकळे मिळतात.