साइडकारवाली बुलेट घरी उचलायची तर: दोन टनी ट्रॉली जॅक, आठ महिन्यांनंतर

वडिलांची जुनी बुलेट, डाव्या अंगाला साइडकार. कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत ही गाडी ओळखणारे बरेच, पण तिच्याखाली हात घालणारा आता कुणी नाही. जे मिस्त्री होते ते थकले, गॅरेज बंद झालं. नवी पोरं कौतुकानं फोटो काढतात आणि "रॅम्पवर बसत नाही ओ" म्हणून मोकळी होतात. मेन स्टँडवर घ्यावी म्हटलं तर बाजूचं धूड सोबत उचलावं लागतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर लक्ष्मीपुरीतून ट्रॉली जॅक आणला, म्हणजे दांड्यानं पंप मारून उचलायचा, चाकांवर सरकणारा तेलाचा जॅक, तीन हजार दोनशेला.

गाडी आणि साइडकार मिळून अडीचशे किलोच्या पुढे, म्हणजे दोन टन क्षमता लागते त्याहून कितीतरी जास्त. ताकदीबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती त्याच्या चालीबद्दल.

ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. वर जाता जाता वरची वाटी थोडी आडवी सरकते, आणि तेवढं अंतर जॅकनं स्वतःच्या चाकांवर पुढे-मागे व्हायचं असतं. दुसऱ्याच आठवड्यात मी घरापुढच्या पेव्हर ब्लॉकवर गाडी उचलायला घेतली. जॅकची लोखंडी चाकं ब्लॉकच्या सांध्यात अडकली. जॅक जागचा हलेना, मग गाडीच हलली. पुढचं चाक चार बोटं सरकलं आणि वाटी फ्रेमवरून निसटता निसटता राहिली. आई दारातून ओरडली, "आरं पडंल ती, सोड की!" त्या दिवसापासून गाडी फक्त आतल्या शहाबादी फरशीवर उचलतो, आणि जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना मागून-पुढून उट्या (चाक अडवायच्या पाचरी) लावल्याशिवाय दांड्याला हात लावत नाही.

मागचं चाक काढताना एक चूक सगळेच करतात, मीही केली. गाडी गिअरमध्ये टाकली की निर्धास्त. पण गिअर धरतो मागच्या चाकाला, आणि तेच हवेत गेलं की धरणार काय? म्हणून पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळायचा.

जॅक इंजिनाखाली लावू नका. आमच्या जुन्या बुलेटला इंजिनाखालून फ्रेमचा पाइपच जात नाही, खाली थेट ॲल्युमिनियमचं केसिंग आणि ऑइलचा नट. मी इंजिनाच्या मागं, मेन स्टँडचे कान फ्रेमला जोडलेत तिथं बाभळीचा ठोकळा घालून जॅक लावतो. या जागी मागचं चाक सुटतं आणि पुढचं चाक, साइडकारचं चाक आणि जॅक अशा तिवईवर गाडी निवांत बसते.

साइडकारचं चाक उचलणं मात्र फसवं. हलकं असतं, दोन पंपात वर येतं, आणि आपण उगाच आणखी चार पंप मारतो. तिकडं बुलेट उजवीकडं कलत जाते आणि तिला त्या बाजूला आधार काहीच नसतो. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की थांबायचं. डावं वळण घेताना रिकामी साइडकार उचलते म्हणून मी तिच्यात वाळूचं पोतं ठेवतो. हे काम करतानाही ते आतच असू द्यावं, तोल डावीकडं राहतो.

सोबत घेतलेले कारचे तयार स्टँड वाया गेले. त्यांची कमीत कमी उंची २८ सेंटिमीटर, आणि माझा साइडकारचा पाइप जमिनीपासून १९ वर. स्टँड बसवायलाच गाडी एवढी उचलावी लागते की जीव खालवर होतो. शेवटी शिवाजी उद्यमनगरात अँगलच्या दोन बुटक्या घोड्या करून घेतल्या. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "वजन किती हाय?" आणि न सांगताच माथ्यावर व्ही आकाराची खाच काढून दिली, पाइप घरंगळू नये म्हणून. मी आत टायरचा तुकडा चिकटवला. आख्ख्या उद्योगातली सगळ्यात चांगली खरेदी हीच. जॅकनं फक्त उचलायचं. घोड्या लागल्या की भार त्यांच्यावर उतरवून गाडी हातानं हलवून बघतो, मगच खाली हात घालतो.

पाचव्या महिन्यात या घोड्यांची किंमत कळली. रिकामा जॅक भार नसताना जागेवर राहायचा, पण गाडीखाली तासाभरात दोन बोटं उतरायला लागला. दुकानदार म्हणाला, तेल टाका. जॅकचंच तेल टाकलं (ब्रेक ऑइल नको, सील खराब होतात), व्हॉल्व्ह सैल ठेवून दहा-बारा पंप मारून हवा काढली. महिनाभर बरा चालला, आता पुन्हा तेच. उतरवायचा व्हॉल्व्हही भलताच हुळहुळा आहे. एवढ्या कमी वजनालाही दांडा जरा जास्त फिरला की धपकन खाली. पाव फेऱ्याहून कमी, श्वास रोखून.

फरशीवर जॅकच्या चाकांचे गुलाबी पट्टे उमटतात. साइडकारच्या तळाशी जोतिबाचा गुलाल साचलाय, कितीही धुतला तरी झरतोच. सील किट आणून ठेवलंय. खेटे (माघातल्या रविवारच्या जोतिबाच्या वाऱ्या) सुरू व्हायच्या आत जॅक खोलायचा आणि साइडकारचं बेअरिंग बदलायचं, कारण आईनं पहिल्या रविवारची जागा आत्ताच धरलीय.