कार्नारोली तांदूळ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मिलानमधल्या आमच्या घरी गेले नऊ महिने दर रविवारी रिसोत्तो, म्हणजे इटलीचा मलईदार, सरसरीत भात होतो. माणशी 80 ग्रॅम हा इथला नेहमीचा हिशेब, म्हणजे तिघांना 240. एव्हाना जवळपास नऊ किलो कार्नारोली माझ्या हातून शिजलाय, म्हणून आता खात्रीने लिहिते.

आधी मी आर्बोरिओ हा रिसोत्तोचाच दुसरा तांदूळ आणायचे. दाणा टपोरा, किंमत कमी, पण त्याच्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की आसट भात. कार्नारोलीत अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जास्त असतं, त्यामुळे बाहेरून स्टार्च सुटून रस दाटतो, तरी शिताचा गाभा टिकतो. हा वाण 1945 साली मिलानजवळच्याच पाउल्लो इथे व्हियालोने आणि लेन्चिनो या दोन तांदळांच्या संकरातून तयार झाला. मी जाते त्या दुकानात तो आर्बोरिओच्या दीडपट महाग पडतो. मला तो फरक पटतो.

आपल्याकडून पहिली चूक होते ती धुण्याची. दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय तांदूळ चुलीवर चढवायचा नाही, हे हाडात मुरलेलं. मीही पहिल्या वेळी धुतला आणि पातळ पाण्यात शितं वेगळी तरंगत राहिली. दाण्यावरची ती पांढरी भुकटीच इथे कामाची असते. तांदूळ कोरडाच घ्यायचा आणि जाड बुडाच्या पातेल्यात दोन-तीन मिनिटं परतायचा, दाणा हाताला चटका देईल इतका. मग अर्धी वाटी पांढरी वाइन घालून ती आटू द्यायची. वाइन नको असेल तेव्हा मी शेवटी लिंबाचे चार थेंब पिळते. आंबटपणा हवाच, नाहीतर लोणी-चीज तोंडात जड होतं.

भाज्यांचं पाणी शेजारच्या शेगडीवर उकळतंच ठेवते. 240 ग्रॅमला साधारण एक लिटर. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते आणि वेळेचा अंदाज चुकतो. सारखं ढवळत राहावं लागतं असं ऐकून मी सुरुवातीला हात दुखेपर्यंत ढवळायचे. तशी गरज नाही. पळीपळीने पाणी घालावं, मिनिटा-दीड मिनिटाने तळापासून हलवावं, बुडाला लागू देऊ नये, बस. पंधराव्या मिनिटापासून शीत दाबून पाहायला लागते. सतराव्या-अठराव्या मिनिटाला ते कडेने मऊ आणि मध्ये किंचित कणीदार लागतं, तेव्हा गॅस बंद. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा म्हणाली, ''अगं, अजून कच्चाय.'' तिचं ताट मी दोन मिनिटं जास्त शिजवून वाढलं. त्या दोन मिनिटांतही दाणा मोडला नाही, आणि कार्नारोलीवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

रिसोत्तोला मलईदार करणारी पायरी मात्र गॅस बंद केल्यानंतरची. क्रीमचा थेंबही लागत नाही. मिनिटभर थांबून फ्रिजमधलं थंड लोणी, 45 ग्रॅम, तुकडे करून घालायचं, वर 60 ग्रॅम किसलेलं ग्राना पादानो हे कडक चीज, आणि पातेलं हलवत जोरात घोटायचं. याला मान्तेकातुरा म्हणतात. ताट खालून थोपटल्यावर भात लाटेसारखा पसरला पाहिजे. डोंगर करून बसला तर अजून पळीभर पाणी. मिलानच्या पद्धतीत केशर घालतात. त्यात मूळची हाडाची मज्जाही असते, ती मी वगळते. शाकाहारी पाहुण्यांसाठी मात्र लक्षात ठेवा: ग्राना पादानो आणि पार्मिजानो या दोन्ही चीजांत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं विकर) असतं. अशा वेळी पाकिटावर वाचून सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीज आणते.

तक्रारी दोन. एका पाकिटात कणीच जास्त निघाली. ती आधी शिजून तिची लापशी झाली. तेव्हापासून तांदूळ चाळून घेते. आणि उन्हाळ्यात उघडं ठेवलेलं पाकीट पोरकिड्यांनी खाल्लं. आता घट्ट झाकणाची बरणी, फ्रिजमध्ये.

घेताना पाकिटावर 'क्लासिको' शब्द शोधा. इटलीच्या नियमांप्रमाणे त्याच गटातले इतर वाणही कार्नारोली नावाने विकता येतात. क्लासिको लिहिलं असेल तर आत खरा कार्नारोलीच असतो.

उरलेला रिसोत्तो पुन्हा गरम करू नका. दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात थापून दोन्ही बाजूंनी खरपूस करा. मिलानमध्ये त्याला रिझो आल साल्तो म्हणतात, आणि आमच्याकडे त्यासाठी मुद्दाम मूठभर तांदूळ जास्त पडतो.