डेट्रॉइटचा हेरिटेज वॉक: इमारती दिसतात, वस्ती दिसत नाही

डेट्रॉइटच्या जुन्या इमारती दाखवणाऱ्या एका हेरिटेज वॉकला मी नुकताच जाऊन आलो. वास्तुकलेची ओढ असणाऱ्यांनी तो जरूर करावा. मात्र मोटारउद्योगाची ही राजधानी ओस का पडली, हे समजून घ्यायला जाणाऱ्यांची निराशा होईल.

सुरुवात १९२९ साली पूर्ण झालेल्या गार्डियन बिल्डिंगपासून होते. विर्ट रोलंड यांनी रचलेल्या या नारिंगी विटांच्या इमारतीत मार्गदर्शक बाईंनी मुळीच घाई केली नाही. पण मनात घर करून राहिले ते मिशिगन थिएटर. हेन्री फोर्ड यांनी आपली पहिली मोटार जिथे बनवली, त्याच जागेवर हे चित्रपटगृह १९२६ मध्ये उभे राहिले. ते पाडल्यास लगतच्या कार्यालयीन इमारतीला धोका होता, म्हणून १९७७ मध्ये ते आतून पोखरून तिथे वाहनतळ करण्यात आला. वर पोपडे सुटलेले नक्षीदार छत, कडेला अर्धवट उरलेली रंगमंचाची कमान आणि खाली ओळीने उभ्या मोटारी पाहताना आमच्या गटातले कोणीही बराच वेळ बोलले नाही.

शेवटचा टप्पा मिशिगन सेंट्रल स्थानकाचा. इथून शेवटची गाडी १९८८ मध्ये सुटली, त्यानंतर तीस वर्षे इमारत भग्न पडून होती. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ती विकत घेतली आणि जून २०२४ मध्ये ती लोकांसाठी पुन्हा खुली झाली. प्रतीक्षागृहाच्या कमानदार छताचे काम इतके निगुतीने झाले आहे की मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे.

माझी तक्रार वेगळी आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख असलेली लोकसंख्या २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली कशी आली, असे मी विचारले, तेव्हा 'कारखाने गेले' एवढेच उत्तर मिळाले. कारखाने उपनगरांत गेले आणि त्यांच्यामागोमाग गोरा मध्यमवर्गही गेला. शहराचा कर आटला, २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती तर पुनर्विकासाच्या नावाखाली जमीनदोस्त झाली आणि तिच्या एका भागावरून महामार्ग गेला. अडीच तासांत यातले काहीच कानावर पडू नये, हे मला खटकले. तो महामार्ग गार्डियन बिल्डिंगपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. आयोजकांनी मनावर घेतले, तर फेरी तिकडून सहज नेता येईल.